कंट्रोल कोणाकडे?

निवेदिताचा हात त्या मुलाच्या तोंडावर पडला, तेव्हा ती विमान उडवत होती.

म्हणजे तिच्या मनात तरी विमानच होतं. बसली होती ऑटोत. शनिवारची सकाळ, महादेवपुऱ्याहून मैत्रिणीकडून परतताना शिवाजीनगरच्या वाटेवरचा पूल, आणि बंगळुरात क्वचितच घडतं ते घडलेलं — पूल मोकळा. ऑटोवाला खुशीत येऊन पळवत होता. असा वारा पुन्हा कधी मिळायचा, म्हणून निवेदिताने हात बाहेर काढला आणि तळहात पालथा, सपाट धरला.

तळहाताची पुढची कड जराशी उचलली की हात आपोआप वर जातो. आणखी उचलली की आणखी वर. पण साधारण पंधरा अंशांच्या पुढे गेलं की वाऱ्याला हाताच्या पाठीला चिकटून वाहता येत नाही, तो सुटतो, विस्कटतो आणि हात थरथरून खाली येतो. विमानाच्या पंखाचंही असंच. याला स्टॉल म्हणतात. इंजिन अगदी ठणठणीत असतं, फक्त पंखाने उचलणं सोडून दिलेलं असतं. फिजिक्समध्ये एम.एस्सी. झालेल्या निवेदिताला याची समीकरणं पाठ होती. तिला तो क्षण नुसता अनुभवायचा होता, म्हणून तिने डोळे मिटले.

तेवढ्यात पूल संपला, सिग्नल लागला, आणि ऑटो व दुभाजकाच्या मधल्या बोळात एक स्कूटर घुसली. हात थरथरला आणि खाली आला — हेल्मेटची काच वर करून फोनवर बोलणाऱ्या एका तरुणाच्या उघड्या तोंडावर.

"अप्प," असं काहीतरी तो म्हणाला.

"सॉरी, सॉरी... अय्यो देवा, हातच पडला हो माझा," निवेदिता म्हणाली. घाबरल्यावर तिच्या तोंडून घरचंच मराठी यायचं.

बंगळुराच्या सिग्नलवर मराठी ऐकून तो तरुण मार विसरला. हेल्मेटमधल्या फोनला म्हणाला, "आई, नंतर बोलतो. नाही गं, कोणी नाही... हो, मराठीच. मला काय माहीत कोण." मग तिच्याकडे वळून त्याने अगदी नम्रपणे विचारलं, "मारलंत कशासाठी, ते कळेल का?"

"मारलं नाही. स्टॉल झाला."

"कशाचा?"

"पंखाचा."

त्याने तिच्या खांद्यांमागे नजर टाकली. पंख कुठे दिसेनात. सिग्नल हिरवा झाला, मागून हॉर्न सुरू झाले, आणि ऑटोवाला आरशात बघत म्हणाला, "मॅडम, कै ओळगे इट्कोळ्ळी." निवेदिताने हात आत घेतला. हाताला कुठल्यातरी पुदिन्याच्या टूथपेस्टचा वास येत होता... तिने तो दोनदा हुंगला, आणि दुसऱ्यांदा का हुंगला याचं कारण तिला देता आलं नाही.

*

शिवाजीनगरात बस स्टँडच्या मागे, स्कूटरच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्या दुकानाच्या वर कॅप्टन नरसिंहरावांचा क्लास होता. वैमानिक व्हायचं म्हणजे आधी लेखी परीक्षा द्याव्या लागतात. त्या इथे शिकवत. कॅप्टन विमान कंपनीतून निवृत्त झालेले. निवेदितासारखंच त्यांचंही घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं, आणि मराठी इतकं जुनं की त्यात मधेमधे कानडी टाकून ते जिवंत ठेवावं लागे.

या क्लासचा एक नियम होता. शिकाऊ विमानात दोन माणसांपुढे दोन सुकाणू असतात, आणि दोघांपैकी विमान नेमकं कोण चालवतंय याचा घोळ झाला तर तो घोळ फार उंचावर होतो. म्हणून सोपवणारा म्हणतो, कंट्रोल तुझ्याकडे. घेणारा म्हणतो, कंट्रोल माझ्याकडे. आणि सोपवणारा खात्री करून पुन्हा म्हणतो, कंट्रोल तुझ्याकडे. तिसरं वाक्य झाल्याशिवाय हात सोडायचा नाही. हे अंगवळणी पडावं म्हणून कॅप्टननी तो नियम क्लासमधल्या प्रत्येक वस्तूला लावला होता. खडू, डस्टर, गच्चीची किल्ली, खालून येणारी कॉफी. नव्या माणसाला प्रश्न पडे, हे लोक कॉफीला एवढं का भितात.

त्या शनिवारी नवा माणूस आला, त्याच्या वरच्या ओठाला किंचित सूज होती.

"हे अपूर्व," कॅप्टन म्हणाले. "पुण्याचे. व्हाइटफील्डला सॉफ्टवेअरमध्ये आहेत. नोकरीला कंटाळलेत, पायलट होणार म्हणतात. आणि ही निवेदिता. सगळे पेपर पास झालीय. उड्डाणाची तत्त्वं हीच शिकवते."

"आमची ओळख झालीय," अपूर्व म्हणाला. "यांनी प्रात्यक्षिक आधी घेतलं."

निवेदिता फळ्याकडे वळली आणि पंखाचा छेद काढायला लागली. तो तिला इतका पाठ होता की डोळे मिटून काढता येई. त्या दिवशी मात्र तो भेंडीसारखा दिसला. विमान वर कसं उचललं जातं हे कोणाला माहीत आहे का, असं तिने विचारलं, तर अपूर्वने हात वर केला. पंखाचा वरचा रस्ता फुगीर, म्हणून लांब. वरच्या हवेला पळावं लागतं, म्हणजे मागच्या टोकाशी वरची आणि खालची एकाच वेळी भेटते.

"भेटतात असं कोणी सांगितलं?" निवेदिताने विचारलं.

"शाळेत."

"चुकीचं सांगितलं. त्यांचं भेटायचं काही ठरलेलं नसतं. वरची हवा पळते हे खरं, पण ती खालचीच्या आधीच पोचते. आणि पुढे निघून जाते."

"वाट बघत नाही?"

"हवा आहे ती. पंख हवेला खाली वळवतो, म्हणून हवा पंखाला वर ढकलते. यात वाट बघणं कुठे आलं?"

"बिचारी खालची," अपूर्व हळूच म्हणाला, आणि अख्खा वर्ग हसला. खडूचे दोन तुकडे झाले.

मग त्याला आकृतीवर बाण काढायला बोलावलं. "कंट्रोल तुमच्याकडे," तिने खडू पुढे केला. "कंट्रोल माझ्याकडे," त्याने खडू धरला. आता तिसरं वाक्य तिने म्हणायचं. ती विसरली. दोघं खडूचा एवढासा तुकडा धरून फळ्यापुढे उभे.

"मी सोडलं असतं," तो म्हणाला, "पण नियम आहे ना."

*

पुढचे शनिवार-रविवार कसे गेले ते निवेदिताला नीट सांगता आलं नसतं, आणि जे नीट सांगता येत नाही त्याचा तिला एरवी राग यायचा. क्लास सुटल्यावर खालच्या हॉटेलात फिल्टर कॉफी. मग मेट्रो स्टेशनपर्यंत चालत. त्याचं मराठी निम्मं इंग्रजी, तिचं पाव कानडी. तो तिच्या "काय"वर हसे — येतोस काय, घेतोस काय — आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच तसं बोले. त्याला कानडी येत होतं फक्त "स्वल्प अॅडजस्ट माडी", म्हणजे 'जरा सांभाळून घ्या', एवढंच, आणि ते तो ऑटोवाल्यापासून ते न सुटणाऱ्या गणितापर्यंत सगळ्यांना म्हणे. दोन आठवड्यांत "तुम्ही"चं "तू" झालं.

त्यांची एक खूणही ठरली. ती कितपत रागावली आहे हे तो न बोलता, तळहात तिरका करून विचारी. जेमतेम चार अंश म्हणजे सगळं छान, सरळ उड्डाण चालू आहे. दहा म्हणजे सांभाळून. त्यापुढे तो हात थरथरवून धाडकन टेबलावर पाडी, आणि कॉफी सांडे.

एकदा त्याने सांगितलं, "त्या सिग्नलला मी आईला 'हो' म्हणणार होतो."

"कशाला?"

"एक मुलगी बघायला जायला. नेमका तुझा हात पडला. आईला ऐकू आलं ते 'अप्प' आणि मग मराठी बोलणाऱ्या मुलीचा आवाज. तेव्हापासून दर रविवारी विचारते, ती हातवाली कोण?"

"मग तू काय सांगतोस?"

"अजून काही सांगितलं नाही," तो म्हणाला, आणि पेल्यात बघत राहिला. पेला रिकामा होता.

इथे निवेदिताने काहीतरी बोलायला हवं होतं. पण तोंडून जे बाहेर पडलं ते असं : "तुला ड्रॅगचे प्रकार अजून नीट येत नाहीत." ड्रॅग म्हणजे विमानाला मागे ओढणारा हवेचा विरोध.

तिची ही खोड कॅप्टनना ठाऊक होती. क्लासच्या कोपऱ्यात दोन खुर्च्या आणि मोठा पडदा लावून एक सिम्युलेटर केला होता. एका रविवारी त्यांनी दोघांना त्यावर बसवलं. विमान उंचीवर गेलं, स्थिर झालं, आणि ड्रॅगच्या प्रकारांवरून दोघांचं भांडण जुंपलं. भांडण रंगात आलेलं असताना मागून कॅप्टननी शांतपणे विचारलं, "विमान कोण चालवतंय?"

अपूर्वने निवेदिताकडे बोट दाखवलं. निवेदिताने अपूर्वकडे. दोघांचे हात सुकाणूपासून दूर, आणि पडद्यावरचं विमान आपलं सरळ, सपाट, एखाद्या शहाण्या म्हशीसारखं चाललेलं.

"तो चालवतोय असं मला वाटलं," निवेदिता म्हणाली.

"ती चालवतेय असं मला वाटलं," अपूर्व म्हणाला.

"सरी," कॅप्टन म्हणाले, म्हणजे कानडीत 'ठीक आहे'. "विमानाचं बरं असतं. नीट बसवून दिलं की थोडा वेळ आपलं आपण उडतं. पण कोणीतरी घ्यावं लागतंच शेवटी." एवढं बोलून ते कॉफी मागवायला गेले.

*

मग एके शनिवारी अपूर्व पेढे घेऊन आला. महाराष्ट्रातल्या एका फ्लाइंग स्कूलमध्ये त्याला जागा मिळाली होती. नोकरीचा राजीनामा देऊन झाला होता. त्यानंतरच्या दुसऱ्या सोमवारी तो जाणार.

"छान झालं," निवेदिता म्हणाली. पेढा तिने कंट्रोलची तीनही वाक्यं म्हणून घेतला.

पुढच्या आठवडाभर ती फार नीट वागली. त्याला तिकडच्या हवामानाबद्दल सांगितलं, कुठली पुस्तकं न्यावी ते सांगितलं, आणि शुक्रवारी फोनवर त्याला चक्क "अहो" म्हणाली. "हे किती अंश झाले?" असं त्याने विचारलं, तर तिने काम आहे म्हणून फोन ठेवला.

आपण मागे ओढतोय हे तिला कळत होतं, हीच तर मोठी पंचाईत. कॅप्टन तिला प्रत्यक्ष उड्डाणही शिकवत, पण अजून एकटीला विमान नेऊ देत नव्हते, त्याचं कारण हेच होतं. स्टॉल झाला की विमानाचं नाक खाली जातं. घाबरलेल्या माणसाला वाटतं, सुकाणू ओढावं, नाक वर करावं. आणि तेच करायचं नसतं. ओढलं की पंखाचा कोन आणखी वाढतो, विमान आणखी पडतं. पुढे ढकलायचं असतं. जिथे पडतोय तिकडेच थोडं जायचं, म्हणजे पंख पुन्हा हवेला धरतो. निवेदिता हे फळ्यावर दर शनिवारी शिकवत होती, आणि वर गेल्यावर दर वेळी दोन्ही हातांनी मागे ओढत होती.

अपूर्वच्या जाण्याआधीच्या शेवटच्या शनिवारी कॅप्टन दोघांना शहराच्या उत्तरेकडल्या छोट्या विमानतळावर घेऊन गेले. निवेदिता चालवणार, शेजारी ते, आणि मागच्या सीटवर बसून अपूर्वने बघायचं. तिथल्या टॉवरवर महानंदा मॅडम असत. मूळच्या बेळगावच्या. कँटीनमध्ये भेटल्या की मराठीत घरची सगळी चौकशी करत, पण एकदा टॉवरवर चढल्या की त्यांचं गाव पुसलं जाई. रेडिओवर फक्त कोरडं, स्वच्छ इंग्रजी.

"नाश्ता केलास काय?" कॅप्टननी अपूर्वला विचारलं.

"दोन मसाला डोसे," अपूर्व म्हणाला.

कॅप्टननी त्याच्याकडे दयेने पाहिलं आणि एक कागदी पिशवी त्याच्या हाती दिली. तीनही वाक्यं म्हणून.

वर हवा निळी, स्वच्छ होती. तळी आरशाच्या तुकड्यांसारखी चमकत होती. निवेदिताने इंजिनची ताकद कमी केली, नाक हळूहळू वर घेतलं. वेग उतरत गेला, वाऱ्याचा आवाज बारीक झाला, धोक्याची शिट्टी वाजायला लागली... मग सगळं विमान थरथरलं आणि नाक पडलं. तिने ओढलं. एक पंख कलंडला, मागून अपूर्वच्या तोंडून सिग्नलवरचाच "अप्प" आला, आणि कॅप्टन म्हणाले, "कंट्रोल माझ्याकडे."

त्यांनी विमान सरळ केलं. रागावले नाहीत. म्हणाले, "पुन्हा. या वेळी काहीही करू नको, फक्त जरा सोड. तुझं विमानाशी वैर नाही."

पुन्हा नाक वर. पुन्हा शिट्टी. पुन्हा ती थरथर... आणि नाक पडताना समोर आकाशाच्या जागी नारळाच्या बागा आल्या. निवेदिताचे हात मागे निघाले. मग तिला पेढा आठवला, "अहो" आठवलं, आणि तिने हात पुढे नेले. फार नाही. खडू पुढे करताना नेले होते तेवढेच.

पंखांनी हवा धरली. ती धरली हे तिला आकड्यांवरून नाही, पाठीतून कळलं. विमान अलगद वर आलं, स्थिर झालं. कॅप्टन खिडकीबाहेर बघत राहिले.

आता नाही तर नाहीच, असं निवेदिताला वाटलं, आणि हेडफोनच्या माइकमध्ये बोलायला लागली. मागे वळून बघायचा धीर नव्हता. सुकाणू तिने असं घट्ट धरलं होतं की नखं पांढरी पडली.

"अपूर्व, तू सोमवारी जा. थांब म्हणणार नाही मी. पण त्या सिग्नलला आईला जे 'हो' म्हणणार होतास, ते आता दुसऱ्या कोणाला म्हणू नको. मला तू आवडतोस. कधीपासून ते मोजलं नाही... सगळं मोजते, हे नाही मोजलं. ती वरची हवा आधी पोचते ना, तशी मी आधी पोचलेय. पण मी पुढे निघून जाणार नाही. थांबते. तुला चालेल काय?"

मागून उत्तर आलं नाही. इंजिनची घरघर तेवढी ऐकू येत होती.

"निवेदिता," कॅप्टन बाहेरच बघत म्हणाले, "अंगठा."

तिने खाली पाहिलं. सुकाणूवर टॉवरशी बोलायचं एक बटण असतं. दाबलं की चालवणाऱ्याचं बोलणं थेट रेडिओवर जातं, आणि दाबून ठेवलं की दुसऱ्या कोणाला बोलता येत नाही. सुकाणू घट्ट धरताना तिचा अंगठा त्यावर होता. बोलायला लागल्यापासून.

तिने अंगठा उचलला. तत्क्षणी महानंदा मॅडमचा आवाज आला. कोरड्या, स्वच्छ इंग्रजीत त्यांनी सांगितलं की आपलं बटण दाबलेलं राहिलं होतं, फ्रिक्वेन्सी अडली होती, कृपया तपासावं. मग जरा थांबल्या. आणि रेडिओवर आजवर कोणी ऐकलं नव्हतं ते बेळगाव आलं.

"फक्त तुमचाच आवाज येत होता इकडे. प्रश्न कळला. उत्तर आलं नाही. सांगा की."

निवेदिताला विमानातून उतरता आलं असतं तर ती तिथेच उतरली असती. तिने मान वळवली. अपूर्व कागदी पिशवी तोंडाला लावून बसला होता, डोळ्यांत पाणी, चेहरा कोथिंबिरीच्या रंगाचा. सिग्नलवर त्याचं तोंड तिच्या हाताने बंद केलं होतं, आता पिशवीने. पण त्याचा मोकळा हात दोन सीटच्या मधून पुढे आला, तिच्या खांद्याशी थांबला. तळहात पालथा. पुढची कड जराशी वर.

चार अंश. फार तर पाच.

निवेदिताने बटणाकडे नीट बघून ते दाबलं. "अफर्म," ती म्हणाली. रेडिओवर 'होय'साठी हाच शब्द असतो.

कुठल्यातरी दुसऱ्या विमानातून दोनदा टिक-टिक ऐकू आली. बोलायचं नसलं की वैमानिक नुसतं बटण दाबून पोच देतात, तशी. मग आणखी एकाकडून. मग महानंदा मॅडम इंग्रजीत म्हणाल्या की ठीक आहे, पुढे चला, आणि त्यांचं गाव पुन्हा पुसलं गेलं.

"सरी," कॅप्टन म्हणाले. "विमान कोण चालवतंय?"

निवेदिताचे दोन्ही हात मांडीवर होते. विमान सरळ, सपाट चाललं होतं. या वेळी तिने कोणाकडेही बोट दाखवलं नाही.

"कंट्रोल माझ्याकडे, सर."

"असू दे. पुढच्या शनिवारी मी बसणार नाही. एकटी जा."

*

खाली उतरल्यावर अपूर्व नळाखाली डोकं धरून बराच वेळ उभा होता. डोकं वर काढलं तेव्हा केसांतून पाणी गळत होतं आणि तो इतका वेड्यासारखा हसत होता की निवेदितालाही हसू आवरेना.

"उत्तर माझ्याकडे आधीपासून होतं," तो म्हणाला. "तू कंट्रोल घेशील म्हणून थांबलो होतो."

"आणि मी तुझ्यासाठी."

"म्हणजे दोन महिने आपलं विमान..."

"आपलं आपणच उडत होतं," ती म्हणाली.

त्याचा फोन वाजला. पुण्याहून अलकाताई, त्याची आई. त्याने फोन उचलला, थोडं ऐकलं, आणि तो निवेदितापुढे धरला.

"ती हातवाली कोण, विचारतेय. कंट्रोल तुझ्याकडे."

निवेदिताने फोन धरला. "कंट्रोल माझ्याकडे."

आता तिसरं वाक्य त्याने म्हणायचं. तो म्हणेना. दोघांची बोटं फोनवर, आणि नियम म्हणजे नियम.

"अरे, कोणीतरी बोलणार आहे की नाही?" फोनमधून अलकाताई म्हणाल्या.

"कंट्रोल तुझ्याकडे," अपूर्व पुटपुटला आणि त्याने बोटं सोडली.

"नमस्कार काकू," निवेदिता म्हणाली. "तो हात माझाच."